उन्हात लांब चालताना, सायकल मारताना पाणी किती, मीठ किती? (तवंदी घाटातल्या फजितीवरून)

चोर्लाघाट

यंदाच्या चैत्री यात्रेला गल्लीतल्या पोरांबरोबर बेळगावहून ज्योतिबाला पायी गेलो. साधारण १३० किमी, चार दिवस. मी अगदीच नवखा नाही. रविवारी सायकलवर चोर्ला नाहीतर राजहंसगड ठरलेला, २०० किमीची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) दोनदा साडेतेरा तासांच्या आत केलीय. दमाचा प्रश्न नव्हता.

तिसऱ्या दिवशी संकेश्वर मागं टाकलं आणि ऊन चढलं. चैत्रात हायवेला पाणी कमी पडतच नाही. जागोजागी कुणीतरी टेम्पो लावून बाटल्या वाटत असतं, नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. आणि "तहान लागायच्या आधी प्यायचं" हे सायकलवाल्यांनी डोक्यात घालून ठेवलेलं. त्यात माझा उपवास, पोटात केळी आणि खजूर एवढंच. दुपारी दोनपर्यंत लिटरच्या सात बाटल्या झाल्या, तांब्यानं प्यायलेलं वेगळं.

तवंदी घाटात डोकं ठणकायला लागलं. मळमळ, मग उलटी, तीही नुसत्या पाण्याची. बोटं एवढी सुजली की अंगठी रुतून बसली. बरोबरचे म्हणाले, ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय. आणखी एक बाटली पाजली. त्यानंतर मी काय बोलत होतो ते मला नीट आठवत नाही. निपाणीत एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून किती पाणी प्यालात?" रक्त तपासलं, सोडियम १२६. सलाईन लावतील वाटलं होतं, त्यांनी उलट पाणीच बंद केलं. रात्रभर लघवीला जाऊन जाऊन सकाळी माणसात आलो. पुढचा रस्ता टेम्पोतून.

आता माझे प्रश्न. एवढं पाणी पिऊन माणूस आजारी कसा पडतो? आणि सायकलच्या ग्रुपवर सगळे सांगायलेत की दर अर्ध्या तासाला मिठाची कॅप्सूल घेतली असतीस तर काही झालं नसतं. खरं आहे का हे?

निपाणीचा_बाजार

चांगभलं! आधी सांगा, अंगठी निघाली का?

ताकपिती

बाळा, पायी जाताना कोरडा उपवास धरायचा नसतो रे. आमचे सासरे वारीला जायचे तेव्हा पाठीवरच्या धोपटीत भाजलेलं ज्वारीचं पीठ आणि मीठ बांधून न्यायचे. मुक्कामाला ताक मिळालं की अंबील. आमच्या शेजारच्या कन्नड वहिनी उन्हातून आलेल्याला साधं पाणी देतच नाहीत, आधी मज्जिगे, म्हणजे ताक. त्यात मीठ, आलं, कढीपत्ता चुरडून. हे सगळं कुणी सोडियम मोजून करत नव्हतं.

पेडलमारी

मावशी, ताक ठीक आहे, पण घामातून लिटरला ग्रॅमभर सोडियम जातं. तीन लिटर घाम म्हणजे तीन ग्रॅम. एवढं ताकातनं कुठून भरून काढणार? मी धारवाड-बेळगाव करताना तासाला दोन कॅप्सूल घेतो आणि दर पंधरा मिनिटांनी बाटली तोंडाला लावतोच. मला पेटके येत नाहीत. विषय संपला.

रात्रपाळी

विषय आत्ता सुरू झालाय. मी आयसीयूत काम करतो. खेळाडूंचा डॉक्टर नाही, पण रक्तातलं कमी सोडियम हे आमच्याकडचं रोजचं गिऱ्हाईक. धाग्यावर निदान करणार नाही, पण जे झालं ते का झालं ते सांगता येईल.

रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल (मोजायचं एकक) असतं. हा आकडा म्हणजे अंगात मीठ किती आहे, हे नव्हे. पाण्याच्या मानानं मीठ किती आहे, ते. आमटीत मीठ बरोबर पडलंय आणि ऐनवेळी चार पाहुणे आले म्हणून दोन तांबे पाणी वाढवलं, तर मीठ कुठं गेलं? कुठंच नाही, आमटी अळणी झाली. चोर्लाघाट, तुमची आमटी झाली.

एरवी जास्तीचं पाणी मूत्रपिंडं काढून टाकतात, तासाला पाऊण-एक लिटरपर्यंतसुद्धा. पण तासन्तास चालणं, ऊन, अंगदुखी, मळमळ हे सगळं एकत्र आलं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि लघवीचा नळ जवळजवळ बंद होतो. वरून टाकी भरतेय, खालून निचरा नाही. संध्याकाळी विसावलात, संप्रेरक उतरलं, नळ उघडला. रात्रभर तुम्ही जे केलंत तोच उपचार होता.

बोटं सुजली तर अंगठी रुतते एवढंच. मेंदू सुजला तर कवटीत त्याला जागा नसते. आधी डोकेदुखी आणि उलटी, मग बरळणं, मग झटके. तुम्ही बरळण्यापर्यंत पोचला होतात. झटके आले असते तर शिरेतून ३ टक्क्यांचं मिठाचं पाणी द्यावं लागलं असतं. "ऊन लागलंय" समजून कुणी भराभर साध्या सलाईनच्या बाटल्या चढवल्या असत्या, तर ते पाणीही अंगात साठून अवस्था बिघडू शकली असती. निपाणीच्या त्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न लाखमोलाचा होता.

हे कुणा एकाचंच होतं असंही नाही. टिम नोक्स या खेळाडूंवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेतून १९८५ साली हे मांडलं तेव्हा फार कुणी ऐकलं नाही. मग २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं, तिघांचं १२० किंवा त्याहून कमी. त्यांच्यात सगळ्यात ठळक खूण कोणती, तर शर्यत संपल्यावर वजन वाढलेलं. बेचाळीस किलोमीटर पळून वजन वाढतं, म्हणजे केवढं पाणी गेलं असेल बघा.

आता पेडलमारी यांच्या कॅप्सूलकडे येतो. घामात सोडियम लिटरला २० ते ८० मिलिमोल, माणसागणिक वेगळं. म्हणजे घाम रक्तापेक्षा अळणीच. नुसता घाम गेला, पाणी प्यायलंच नाही, तर रक्त उलट जास्त खारट होतं. सोडियम घसरायला वरून पाणी ओतावं लागतं. मग मिठाच्या कॅप्सूलनं काय होतं? घसरण थोडी हळू होते. पण मीठ घेतलंय म्हणून निर्धास्तपणे आणखी पाणी प्यायलं तर तिथंच येऊन पोचता. दुकानातल्या खेळाडूंच्या पेयात सोडियम साधारण २० मिलिमोल, ओआरएसमध्ये ७५. दोन्ही रक्तापेक्षा पातळच.

निपाणीचा_बाजार

आमटीचं पटलं. अंगठी?

अथणीचं_ऊन

तुमचं बेळगावचं ऊन म्हंजे आमच्याकडची सावली वो. आम्ही सकाळी सहाला रानात, दहाला माघारी, परत चारला. मधी कोण जात न्हाई. भाकरी, खर्डा, कांदा, तांब्याभर ताक. तहान लागली की प्यायचं, न्हाई लागली तर न्हाई. बारा वाजता हायवेला चाललेली माणसं बघून आमची म्हातारी म्हणती, यांना घर न्हाई काय?

एक मात्र बघितलंय. पुण्याहून भाचा आला, पहिल्या दिवशी रानात आला तर त्याचा काळा शर्ट पाठीवर पांढरा फटक. माझ्या शर्टावर डाग न्हाई. घाम तर मलाबी येतोय की.

रात्रपाळी

हे निरीक्षण पुस्तकात छापावं असं आहे. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि अळणी होतो, कारण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घामाच्या ग्रंथींना सांगतं की मीठ परत आत ओढून घे. तुमचा घाम सवयीचा, भाच्याचा नवा. म्हणजे टेम्पोभर बाटल्यांपेक्षा यात्रेआधीचे दोन आठवडे रोज तासभर उन्हात चालणं जास्त उपयोगाचं.

पण त्याच शेतकऱ्यांबद्दल उलटी बाजूही सांगतो, नाहीतर सगळे पाणी सोडतील. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुण माणसांची मूत्रपिंडं मोठ्या संख्येनं निकामी झाली आहेत, ना मधुमेह ना रक्तदाब. कारणांचा वाद चालू आहे, पण उन्हातलं कष्टाचं काम आणि पुन्हापुन्हा पाणी कमी पडणं हा त्यातला मोठा संशयित. आपल्याकडे कारखान्यांच्या हंगामात तोडणीच्या टोळ्या बघा, फडात प्यायला पाणी कुठं असतं? चोर्लाघाटला टेम्पो भेटले, त्यांना भेटत नाहीत.

काटेतोल

मी कडोलीला गिरणी चालवतो आणि पळतो. डॉक्टरांनी वजनाचं लिहिलंय म्हणून माझा प्रयोग सांगतो. गिरणीतला इलेक्ट्रॉनिक काटा २० ग्रॅमपर्यंत दाखवतो, घरच्या काट्यापेक्षा बरा.

रीत अशी: पळायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, अंगावर फक्त एक कोरडी चड्डी, वजन. तासभर पळायचं, प्यायलेलं पाणी मोजून. आल्यावर ओले कपडे काढायचे, अंग खसाखसा पुसायचं, परत तीच कोरडी चड्डी, वजन. मधे लघवी नाही. (दळण घेऊन आलेल्या एका मावशींनी मला काट्यावर बघून डबा तिथंच ठेवला आणि निघून गेल्या. तेव्हापासून शटर अर्धं ओढतो.)

सकाळी सहाला: ७१.९० वरून ७१.१०. पाणी प्यायलो नाही. म्हणजे तासाला ८०० मिली.
संध्याकाळी चारला, त्याच वाटेनं: ७१.८६ वरून ७०.७२. मधे अर्धा लिटर प्यायलो. वजनातली घट १.१४, त्यात ०.५० मिळवा. तासाला १.६४ लिटर.

माणूस तोच, वाट तीच, घाम दुप्पट. त्यामुळं "तासाला एवढं पाणी प्या" असा आकडा कुणी सांगितला की मी विचारतो, कुणाच्या तासाला?

दुसरं, माझा मेहुणा माझ्याबरोबर त्याच दिवशी पळाला, ५८ किलोचा, हळू पळतो. त्याचा घाम ६०० मिली. माझ्या बाटलीचं बघून त्यानं प्यायलं असतं तर त्याची आमटी झाली असती.

पेडलमारी

बरं, वजनाचं मान्य. पण पेटक्यांचं काय? कॅप्सूल सोडली की पेटके येतात, हा माझा अनुभव आहे, आयसीयूतला नाही.

रात्रपाळी

अनुभव नाकारत नाही. पण पेटके आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या रक्तातलं सोडियम तपासलं, तर त्यात म्हणावा तसा फरक सापडत नाही. दमलेल्या स्नायूचे आणि मज्जारज्जूचे निरोप बिघडतात, हे कारण आज जास्त पटतं. पेटका बहुतेक त्या दिवशी सगळ्यात जास्त राबलेल्या स्नायूतच येतो. मीठ कमी असतं तर सगळीकडे यायला हवा होता. आणखी एक गंमत: व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीच्या पाण्याचा घोट घेतला की पेटका दीडेक मिनिटात सुटतो, असं प्रयोगात दिसलंय. तेवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात पोचूही शकत नाही. घशाला झणका बसतो, त्याचाच काहीतरी परिणाम. आपल्याकडे लिंबाच्या लोणच्याची फोड चालेल की नाही, ते तुम्ही करून बघा आणि इथं लिहा. काटेतोलसारखं, मोजून.

मृणाल_खानापूर

डॉक्टर, माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. दर वर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माला डोंगरावर पायी जातात. बीपीची गोळी चालू आहे. बीपीमुळे मीठ कमी करायला सांगितलंय, आणि इथं मिठाच्या पाण्याचं चाललंय. काय करायचं?

रात्रपाळी

ताई, गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यातलं काही लिहिलंय का बघा. बीपीच्या बऱ्याच जोडगोळ्यांत यातलं एखादं असतं. ही औषधं लघवीतून सोडियम घालवतात, आणि वयस्कर माणसात काही न करतासुद्धा रक्तातलं सोडियम उतरवू शकतात. त्यावर उन्हात पायपीट आणि वर भरपूर पाणी, हे जोडू नका. पण म्हणून स्वतःहून मीठ वाढवायचं किंवा गोळी बंद करायची, असंही नाही. निघायच्या आठवडाभर आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून हाच प्रश्न विचारा, सोडियम-पोटॅशियमची तपासणी करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे.

आणि सगळ्यांनाच: यात्रेत पाय दुखले म्हणून मांडवात वाटतात त्या वेदनाशामक गोळ्या खाऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही जात उन्हात, पाणी कमी असताना मूत्रपिंडाला त्रास देते, आणि पाणी जास्त झालेलं असेल तर ते बाहेर टाकणंही अवघड करते. दोन्हीकडून मार.

ताकपिती

मग घरी करायचं झालं तर प्रमाण तरी सांगा. आमचं आपलं "चवीपुरतं".

रात्रपाळी

मावशी, तुमचं चवीपुरतं वाईट नाही. अश्रूपेक्षा खारट लागलं तर जास्त झालं, एवढं लक्षात ठेवा.

घरचं जुनं प्रमाण: एक लिटर पाणी, अर्धा सपाट लहान चमचा मीठ, सहा सपाट लहान चमचे साखर. साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलराची साथ आली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं. छावणीतले मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

पण ते जुलाबासाठी. चालण्या-पळण्याला तेवढं खारट लागत नाही. दीड-दोन तासांच्या आत असाल तर साधं पाणी आणि घरी येऊन जेवण, बास. चार-सहा तास उन्हात असाल तर लिटरला ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वा ते पावणेदोन ग्रॅम मीठ, म्हणजे पाव चमच्याहून थोडं जास्त. घामातलं सगळं मीठ तिथल्या तिथं भरून काढायची गरज नसते. संध्याकाळची आमटी-भाकरी ते काम करते. उपवास असेल तर वाटेत साबुदाण्याची खिचडी, खारे शेंगदाणे. केळ्यात आणि खजुरात सोडियम नसल्यासारखंच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम घामाच्या मानानं कमी. उसाच्या रसात साखरच साखर, मीठ-लिंबू पिळून घेतलं तर थोडी भरपाई.

आणि "ओआरएस" नाव छापलेले गोड खोके घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं) असल्या पेयांना ते नाव वापरायला बंदी केली, पण जुना माल आणि जुनी सवय जायला वेळ लागेल. औषधाच्या दुकानात मिळते ती पुडी, एक लिटरची एक लिटरातच. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे खूप बघितलेत.

अथणीचं_ऊन

वळकायचं कसं वो? माणूस पडला तर पाणी कमी पडून पडला का जास्त होऊन?

रात्रपाळी

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तर लोक फसतात. जास्त झालेल्याचं वजन वाढलेलं असतं, बोटं-चेहरा सुजलेला, पोट डबडब, तहान नाही, उलटीत नुसतं पाणी. कमी पडलेल्याचं तोंड कोरडं, डोळे खोल, तहान प्रचंड, उभं राहिलं की चक्कर. नुसत्या सुजलेल्या बोटांवर जाऊ नका, हात खाली लोंबकळत ठेवून चालणाऱ्या कुणाचीही बोटं थोडी सुजतात. माणूस शुद्धीत असेल आणि शंका असेल तर चोर्लाघाटला विचारला तोच प्रश्न विचारा.

तिसरा प्रकार उष्माघात. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि माणूस बरळतोय. तिथं ना मीठ ना पाणी, आधी अंग गार करा. विहीर, हौद, टँकर, बर्फ, जे असेल ते. गार करायला सुरुवात करूनच गाडी बोलवा. उलटी करणाऱ्या, बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका.

चोर्लाघाट

सगळ्यांचे आभार. परवा काटेतोल यांच्या रीतीनं घरच्या काट्यावर करून बघितलं. दुपारी तीन ते चार, सायकलवर काकतीच्या पुढं जाऊन माघारी: तासाला ९०० मिली. चालताना याहून कमीच जात असणार. त्या दिवशी सकाळी सहापासून दोनपर्यंत आठ तास, त्यातले निम्मे कोवळ्या उन्हात. तासाला ५५०-६०० धरला तर पाचेक लिटर घाम होतो. मी सात बाटल्या आणि ते तांबे प्यायलो होतो. गणित पाचवीच्या पोराला जमेल असं आहे.

तहान लागायच्या आधी प्यायचं हे मी सोडलंय. परवा खिशात खारे शेंगदाणे होते, बाटली अर्धी परत आणली.

पेडलमारी, येत्या रविवारी चोर्ला आहे. कॅप्सूल घरी ठेवून या, पेटका आलाच तर आईनं लिंबाच्या लोणच्याची बाटली दिलीय.

पेडलमारी

येतो. पण पेटका आला तर धक्का मारत तुम्ही आणायचं.

निपाणीचा_बाजार

अहो अंगठी!

चोर्लाघाट

दुसऱ्या दिवशी सकाळी, सात वेळा लघवीला जाऊन आल्यावर, तोंड धुताना आपोआप निसटली आणि निपाणीच्या त्या दवाखान्याच्या मोरीत गेली. लग्नातली होती. बायकोला अजून तवंदी घाटापर्यंतचंच सांगितलंय.